तक्ता क्रमांक एक

शिरूर, २ मार्च

आप्पा,

नमस्काराचा राग येणार नसेल तर नमस्कार. येणार असेल तर सिंधूवहिनी, ही ओळ गाळ आणि पुढचं वाच.

मी पूनम. तुमच्या धाकट्या भावाची, संपतची मुलगी. सख्ख्या चुलत्याला स्वतःची ओळख सांगायची वेळ यावी हे काही बरं नाही. पण डिसेंबरात तुम्ही वहिनीच्या मोबाइलमधून माझा नंबर काढायला लावलात, तेव्हा नाव आणि नातं दोन्ही नव्याने सांगायला हवं. पत्र इनामगावला ईश्वरच्या गिरणीच्या पत्त्यावर टाकतेय. तुमचा मुक्काम बदलतो, पण पीठ सगळ्यांनाच लागतं, आणि वहिनी, तुमची सून, दळण घेऊन आली की पत्र तुमच्यापर्यंत येईल.

आता कामाचं. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो. माझ्या प्रबंधाचं नाव ‘फिरत्या मेंढपाळ कुटुंबाचे अर्थकारण: एका कळपाचा अभ्यास’. तो कळप तुमचा, आणि त्यावरूनच सगळं रामायण झालं. चारा, लोकर, औषधं, शेतात मेंढरं बसवल्याबद्दल मिळणारं धान्य, सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. फक्त तक्ता क्रमांक एकमधला एक रकाना रिकामा आहे: कळपात मेंढ्या किती? पुढचे सगळे तक्ते त्या आकड्याने भागायचेत. तो नसेल तर एका मेंढीला चारा किती आणि एका मेंढीची लोकर किती, काहीच निघत नाही. नव्वद पानं त्या एका चौकोनात अडकून बसली आहेत.

डिसेंबरातला आकडा मला ठाऊक आहे, कारण तो मीच मोजला होता. तुम्ही माझ्या हातावर भंडारा ठेवून शपथ घातलीत, की तो जन्मात कुठे लिहायचा नाही. मी लिहिलेला नाही. या पत्रातही लिहीत नाही. म्हणून तर दोन महिने दुसरीकडे शोधत फिरतेय.

दौंडला कचेरीत गेले. जनावरांच्या गणतीत आपल्या वस्तीच्या ओळीत म्हशी आहेत, गाई आहेत, कोंबड्यासुद्धा आहेत. मेंढ्यांपुढे शून्य. मी म्हटलं, बाई, आमची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आहेत. बाई स्वभावाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, “असत्याल की गं. पन मोजाय मानसं आली तवा घराला कुलूप. तुमची मेंढरं कवा गावात असत्यात?” तिथून जिल्ह्याला फोन केले. इंटरनेटवर पीडीएफ उघडून उघडून डोळे गेले. राज्याचा आकडा मिळतो, जिल्ह्याचा मिळतो, त्याखाली उतरलं की मला काही सापडेना. लायब्ररीत इनामगावच्या उत्खननावरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीच्या काठावर लोकांनी शेळ्यामेंढ्या खाल्ल्या, त्यांची हाडं मोजून लिहून ठेवलीत. आणि त्याच काठावर आज तुमची मेंढरं जिवंत चरतायत, त्यांचा आकडा कुठेच नाही. मला तिथे बसून हसूच आलं, मग रडू आलं.

आमचे सत्यजीत सर वाईट नाहीत, पण हटवादी आहेत. प्रत्येक तक्त्याखाली ‘स्रोत’ लिहायचा, म्हणजे आकडा कुठून आला ते ठिकाण. स्रोत नाही तर तक्ता नाही, आणि तक्ता नाही तर प्रबंध नाही. शेवटची तारीख १५ एप्रिल.

आप्पा, तुम्हीच सांगा ना. आज किती आहेत तेवढंच. आकडा तुमच्या तोंडून आला तर माझी शपथ मोडत नाही. चतकोर चिठ्ठी पुरेल.

पूनम

(वहिनी, एवढं मोठ्याने वाचू नकोस: ते काही बोलले नाहीत, तर ऐकताना तोंड कसं होतं तेवढं तरी कळव.)


शिरूर, १४ मार्च

आप्पा,

गिरणीवर फोन केला होता. ईश्वर म्हणाला, “पत्र नेलं की सिंधूबाईनं. पिशवीत पिठावरच ठिवलं.” म्हणजे पोचलं. म्हणजे तुम्ही ऐकलंत, आणि गप्प बसलात.

बरं, मग मीच बोलते. मला एक स्रोत सापडला. सही-शिक्क्याचा, अगदी सरांना हवा तसा. दौंडहून वस्तीवर गेले होते तेव्हा पप्पांच्या कपाटात कुरकुंभच्या अपघाताच्या पंचनाम्याची प्रत मिळाली. ‘तात्याबा कोळपे यांच्या मालकीची मेंढरे, नग एकतीस, हायवे ओलांडताना ट्रकखाली मयत.’ साऱ्या सरकारदरबारी तुमच्या मेंढरांची लेखी नोंद मला मिळाली ती एवढीच. कागदोपत्री तुमची एकतीस मेंढरं आहेत आणि सगळी मेलेली आहेत.

तुम्ही त्या दिवशी रस्त्याच्या कडेला काय म्हणालात ते माझ्या कानातून जात नाही. “जिवंत मोजलीस, म्हून मेल्याली मोजावी लागली.” सगळ्या माणसांसमोर म्हणालात. काकी होती, पोलीस होते, पप्पा ड्यूटीवरून तसेच आले होते. लक्ष्मी मोजायची नसते हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी वाघरीच्या जाळीच्या तोंडाशी उभी राहून पेनने एकेक दाखवत मोजलं, चुकलंच माझं. पण आप्पा, मोजण्याने मेंढरं मरत नाहीत. मरत असती तर जनगणनेत मोजलेली सगळी माणसं कधीच मेली असती. त्या दिवशी धुकं होतं, ट्रकवाल्याला दिसलं नाही, झालं. खुटबावला तुम्ही तीन दिवस जास्त राहिलात ते शंकररावांच्या वावरात मेंढरं बसवायला. त्यात माझा काय संबंध?

चिडून लिहितेय, कळतंय मला. पण माझ्याकडे वेळ नाही. पप्पांनी सांगून टाकलंय, “औंदा न्हाई झालं तर बास. कुरकुंभला पॅकिंगला पोरी घेत्यात. शिफ्टची गाडी वस्तीपातूर येती.” पप्पांनी मेंढरं सोडली आणि अठरा वर्षं तिथल्या कारखान्याच्या गेटवर राखणीला उभे आहेत. मला तिथे जायचं नाही. मला हे पुस्तक पुरं करायचंय, ज्यात निदान एका तरी पानावर लिहिलेलं असेल की तुम्ही आहात.

हात जोडते. आकडा सांगा.

पूनम


शिरूर, २७ मार्च

आप्पा,

आता नाही सांगितलात तरी चालेल. माझं काम झालं.

पद्धत सोपी आहे. पीडीएफमधून शंभर मेंढ्यांमागे वर्षाला कोकरं किती, मरतुक किती, विक्री किती याची सरासरी काढली, थोडा हात इकडे-तिकडे मारला आणि एक आकडा बसवला. खरा वाटावा म्हणून शेवटी शून्य किंवा पाच येऊ दिलं नाही. खाली लिहिलं, ‘स्रोत: प्रत्यक्ष पाहणी’. तुमच्या कळपात मी बसल्या जागी कोकरं जन्माला घातली. दोन मेंढ्या लांडग्याने नेल्या, त्याही मीच नेल्या. सगळे तक्ते पटापट सुटले. नव्वद पानं अशी वाहती झाली की विचारू नका.

सरांनी तक्ता बघितला आणि खूश झाले. म्हणाले, “पाहा, चिकाटी धरली की स्रोत सापडतो.” आता म्हणतात, पुण्याच्या परिसंवादात हे वाचायचं. फिरत्या कळपाचा असा पक्का आकडा कुणाकडे नाही म्हणे. खरंच आहे, माझ्याकडेही नाही.

चार दिवस झाले, ताट तसंच परत ठेवतेय. मेसच्या मावशी म्हणाल्या, “काय गं, पेपर अवघड ग्येला का?” म्हटलं, नाही मावशी, फार सोपा गेला.

तुम्हाला हे का सांगतेय मला कळत नाही. वहिनी, तू वाचलंस तर पुरे, त्यांना नको सांगू. नाहीतर सांग. मला आता काही समजेनासं झालंय.

पूनम


शिरूर, ५ एप्रिल

आप्पा,

हे पत्र सगळं वाच, वहिनी. काही गाळू नकोस. मध्ये थांबू पण नकोस.

काल सरांकडे गेले आणि तक्ता क्रमांक एक परत घेतला. सांगितलं, हा आकडा मी बनवलाय. सरांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, “का बनवलास?” मी म्हटलं, ज्यांच्याकडे आहे ते माझ्याशी बोलत नाहीत. “का बोलत नाहीत?” त्या प्रश्नाचं उत्तर मी आजवर कुणालाच दिलेलं नाही.

आप्पा, शंकररावांनी तुम्हाला थांबायला सांगितलंच नव्हतं.

सरांना सलग सात दिवसांची पाहणी हवी होती. रविवारपर्यंत माझे चारच दिवस झाले होते आणि तुम्ही सोमवारी पहाटे निघून हायवे ओलांडणार होता. मी तुम्हाला येऊन म्हटलं, शंकरराव म्हणतायत, अजून तीन दिवस आमच्या वावरात मेंढरं बसवा. तुम्ही म्हणालात, “बरं, बसू.” दुसरं काही विचारलंसुद्धा नाही. माझे सात दिवस पुरे झाले. तुम्ही गुरुवारी हायवे ओलांडलात.

हवामानाचा डेटा मात्र मिळतो बरं का, हवा तेवढा, तासातासाचा, फुकट. मी बघितला. गुरुवारी सकाळी धुकं. सोमवारी आभाळ साफ.

म्हणून सांगते, तुम्ही मोजण्याला दोष देता तो चुकीचा आहे. मेंढरं मोजल्याने मेली नाहीत, थांबल्याने मेली, आणि थांबवलं मी. तुम्ही मोजण्यावरून बोललात तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटलं, कारण त्यावर मला भांडता येत होतं. चार महिने मी तुमच्याशी अंधश्रद्धेवरून भांडतेय. भांडण तिथे राहिलं की इकडे कुणी बघत नाही. एवढी शिकले ती याच्यासाठी.

सरांनी १५ तारखेपर्यंत मुदत दिलीय. खरा आकडा आणि खरा स्रोत आणला तर ठीक, नाहीतर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं म्हणजे कुरकुंभची गाडी. पण आता मी आकडा मागत नाही. मागायला तोंड राहिलेलं नाही. आजवर तुम्ही मला पोरगी म्हणून हाक मारलीत, ती पुन्हा मारली नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही. चुकले एवढंच लिहायचं होतं.

पूनम


इनामगाव, ईश्वरची गिरणी, ११ एप्रिल

पूनम,

आप्पा सांगत्यात तसं लिहितीय. त्यांच्याच बोलीत. चूकभूल माझी. सिंधू.

तुजी चारी पत्रं ऐकली. पैल्याला मी उठून गेलो. दुसरं निम्मं ऐकलं. तिसऱ्याला हसलो, लांडग्याच्या वाटनीची मेंढरं तूच खाल्लीस म्हून. चवथं सिंदीला दोन बारी वाचाय लावलं.

शंकररावाचं मला त्याच सोमवारी कळलं हुतं. सांजचं त्यो बांदावर आला आन् म्हनला, तात्याबा, जानार हुता न्हवं, ऱ्हायला का? मी म्हनलो, तूच थांबाय सांगितलंस न्हवं? त्यो म्हनला, म्या न्हाई बा. मला समाजलं. म्हनलं, पोरगी लिवतीय, तिचं काय आडलं आसंल, ऱ्हाऊ तीन दिस. आमच्या घरात कोन लिवलंय आजपातूर? तवा थांबलो त्यो माज्या मनानं थांबलो. तू थांबिवलं न्हाईस. आन् धुकं डोळ्यानं दिसत हुतं, तरी मेंढरं रस्त्यावर घातली मी. फुडं मीच हुतो.

राग त्येचा न्हवता. राग ह्येचा, की तू सांगशील म्हून मी वाट बगत ऱ्हायलो, आन् तू मोजन्याचंच धरून बसलीस. मीबी तेच धरून बसलो. दोगंबी सारकीच.

आता तुजं काम. आकडा मी सांगनार न्हाई. मला ठावंबी न्हाई, बिरोबाची आन. आमी मोजत न्हाई म्हंजी आमाला कळत न्हाई आसं न्हवं. सांजचं वाघरीत आली की कोन न्हाई त्ये लगी कळतं. तू सारकं किती हायेत, किती हायेत, आसं इचारतीस. किती इचारू नगं. कोन कोन हायेत, त्ये इचार. त्ये सांगतो.

भुरी. भुरीची थोरली. भुरीची धाकली. काजळी. काजळीची लेक बांडी. मोरी. मोरीची भन, पाटसच्या बाजारातनं आनल्याली. तुटक्या कानाची. आंदळी. आंदळीला वाट दावती ती खुटबावी, शंकररावाच्या वावरात जल्मली ती...

(पूनम, पुढची नावं वेगळ्या कागदांवर जोडलीत. दोन दिवस सांगत होते, मेंढरामागं चालता चालता, मी वहीत उतरवून घेतलं. एकदा सुद्धा अडखळले नाहीत. मधीच ‘थांब, तांबडीच्या आदी तिची माय घे’ म्हणून मागं न्यायचे. बेरीज मी केलेली नाही. सिंधू.)

श्येवटच्या पानावर रस्त्यावर ग्येलेली हायेत. सरकारच्या कागदात नुसतं ‘नग’ लिवलंय म्हनतीस, म्हून तीबी सांगितली. त्यात पूनी हाय. तुज्या बारशाच्या साली एका कोकराला तुजं नाव ठिवलं, तवापासनं दर येळंला एक पूनी आसती. ही चवथी.

तिचं कोकरू जगलं. त्येला आजून नाव न्हाई.

तू सोरत सोरत लिवलंयस, त्ये काय म्हून सिंदीला इचारलं. ती म्हनली, झऱ्याचं तोंड, पानी जितनं येतं ती जागा. मग माजं नाव लिव्ह तितं. पत्ता इचारला तर सांग, बदलतो.

तात्याबा


शिरूर, १३ एप्रिल

आप्पा,

कागद आज सकाळी मिळाले. ईश्वरने एसटीच्या कंडक्टरकडे दिले होते, वर पिठाची बोटं उमटली आहेत. डेपोच्या बाकावर बसूनच वाचले. मी रडले, हे सांगायची तुम्हाला गरज नाही, पण सांगते. लपवायची सवय मोडायची आहे.

तुम्हाला माहीत होतं. चार महिने मी जे एकटीने उरावर घेऊन फिरत होते ते तुम्हाला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं, आणि तरी तुम्ही थांबलात. एकतीस मेंढरं परत येत नाहीत. तुम्ही म्हणालात, रस्त्यावर मी घातली. नाही आप्पा, तेवढं मी मान्य करणार नाही. अर्धं माझं आहे, ते माझ्याकडेच राहू द्या.

खोलीवर येऊन सगळे कागद पलंगावर मांडले. तक्ता क्रमांक एक कोरा काढला. खाली आधी स्रोत लिहिला, असं कुणी करत नाही, पण मी केलं: ‘तात्याबा कोळपे, मेंढपाळ. लेखन: सिंधूबाई कोळपे. मुक्काम बदलता.’ मग वरचा रकाना भरायला पेन उचललं. नावांवरून बोट फिरवायचं, पानापानाची बेरीज घ्यायची, पाच मिनिटांचं काम. परवा तारीख आहे. भुरीवर बोट ठेवलं आणि ते पुढे सरकेना. पुन्हा तेच करायला निघाले होते. तुम्ही आकडा दिलेला नाही, नावं दिली आहेत, आणि नावांचा आकडा करायचा की नाही हे तुम्ही बोलला नाहीत. तुमच्या न बोलण्याचा अर्थ मी एकदा माझ्या सोयीने लावला होता. आता नाही लावणार.

बेरीज मी केलेली नाही. पूनीचं बिननावाचं कोकरू धरायचं की नाही, तेही मला माहीत नाही. सरांना विचारलं तर ते नियम सांगतील. म्हणून तुम्हालाच विचारायचंय.

पोस्टाने विचारायला वेळ नाही. उद्या कॉलेजला सुट्टी आहे. पहिल्या एसटीने येतेय, हे पत्र बरोबर घेऊन. ईश्वरकडून मुक्काम विचारीन. पत्र वहिनीच्या हातात देईन आणि ती वाचून दाखवेपर्यंत वाघरीच्या बाहेर थांबेन. पुढ्यात आल्यावर मला बोलता येणार नाही, म्हणून लिहून आणतेय.

तुम्ही ‘कर’ म्हणालात तर तिथेच, तुमच्यासमोर बसून बेरीज करीन. ‘नको’ म्हणालात तर अकराच्या अकरा पानं नावं तशीच जोडीन आणि रकाना कोरा ठेवून सरांना देईन. त्यांनी घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर कुरकुंभची गाडी वस्तीपर्यंत येतेच.

वहिनी, वाचून झालं असेल तर त्यांना सांग, पोरगी बाहेर उभी आहे. हातात पेन नाही म्हणावं.

पूनम